श्रेयनामावली, चित्रपटारंभीची

चित्रपटाचे शीर्षक आणि त्यातील कलावंत-तंत्रज्ञांची नावे कथेच्या आरंभी पडद्यावर दाखविणारा भाग. बोलण्यात त्याला ‘टायटल्स’ म्हणतात. नावे सांगणे हे श्रेयनामावलीचे मूळ काम. परंतु कथानक न उलगडता त्याचा भाव प्रेक्षकाच्या मनात आधीच रुजविणे आणि ज्याचा उलगडा पुढेच होईल अशी एखादी खूण त्याच्यापुढे ठेवणे, हे तिचे खरे सामर्थ्य आहे.

मूकपटांच्या काळात नावे रंगविलेल्या पाट्यांवर येत. बोलपट आल्यावरही दीर्घकाळ नक्षीदार अक्षरे किंवा पुस्तकाची उलटणारी पाने यांवरच भागविले जाई, आणि अमेरिकेतील काही चित्रपटगृहांत तर नावे संपेपर्यंत चित्रपटाच्या पडद्यापुढचा कापडी पडदाही उघडत नसत. ऑटो प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) या चित्रपटाच्या डब्यांवर, नावे सुरू होण्यापूर्वी कापडी पडदा बाजूला करावा, अशी सूचना प्रक्षेपकांसाठी लिहिलेली होती. या चित्रपटाची नामावली सॉल बास (१९२०–९६) या आरेखनकाराने रचली. काळ्या पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांतून अखेरीस एक वेडावाकडा, पिळवटलेला हात तयार होतो. नायकाच्या हेरॉइनच्या व्यसनाचा उल्लेखही झालेला नसताना त्याची यातना त्या हातातून आणि एल्मर बर्नस्टाइन यांच्या जॅझ संगीतातून जाणवते.

बास यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) साठी केलेली नामावली हा या कलेचा सर्वांत परिपूर्ण नमुना मानावा लागेल. तिच्यात एका स्त्रीचा चेहरा इतक्या जवळून दिसतो, की तो चेहरा न राहता तुकड्यांचा प्रदेश होतो : आधी गालाचा खालचा भाग, मग ओठ, मग डावी-उजवीकडे भिरभिरणारे डोळे. ही स्त्री चित्रपटाची नायिका नव्हे. ती कोण, याचे उत्तर चित्रपट कधीच देत नाही. कॅमेरा एका डोळ्यापाशी येताच पडदा लालभडक होतो, डोळ्याच्या खोलीतून शीर्षक वर येते आणि पाठोपाठ गरगरणाऱ्या सर्पिल आकृत्या उमलू लागतात. त्यांचे मूळ लिसाजू वक्रांत आहे. परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन आंदोलनांच्या संयोगातून हे वक्र निर्माण होतात. त्यांना पडद्यावर गती देण्यात अॅनिमेशनकार जॉन व्हिटनी यांचा वाटा होता. बर्नार्ड हरमन यांच्या संगीतात त्याच वेळी एक स्वरमालिका चढते, तेव्हा दुसरी उतरते, आणि कानाला टेकायला जागा मिळत नाही. उंचीच्या भयाने पछाडलेल्या नायकाची भोवळ प्रेक्षक अशा रीतीने त्याच्याआधी अनुभवतो. पुढे नायिकेच्या अंबाड्यात आणि मनोऱ्याच्या जिन्यात तोच पीळ दिसतो, तेव्हा आरंभीच्या आकृत्यांचा अर्थ हळूहळू लागत जातो.

‘सायको’ (१९६०) मध्ये बास यांनी चेहराही वगळला. करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या धावतात, नावे फाटतात आणि पुन्हा जुळतात. केवळ तंतुवाद्यांवर रचलेले हरमन यांचे संगीत या दुभंगाला धार देते.

१९७० नंतर सविस्तर श्रेये शेवटी नेण्याची प्रथा बळावली आणि आरंभीच्या नामावल्या आखूड झाल्या. डेव्हिड फिंचर यांच्या ‘सेव्हन’ (१९९५) या रहस्यपटाने त्यांच्याकडे नव्याने लक्ष वेधले. काइल कूपर यांच्या या नामावलीत कोणाचे तरी हात बोटांवरची कातडी पात्याने सोलताना, वह्या शिवताना, छायाचित्रे कातरताना दिसतात, आणि ओरखडल्यासारखी हस्ताक्षरे पडद्यावर थरथरतात. हात दिसतात, माणूस दिसत नाही. खुन्याची भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसी यांचे नावही या नामावलीतून जाणीवपूर्वक वगळलेले होते. ते प्रेक्षकांना थेट अखेरच्या श्रेयांत वाचायला मिळते.