बरणीवरच्या सुक्या फुलांमागचा इतिहास

गोव्यात चतुर्थीला शेजारी नेवऱ्या (करंज्या) देतात, नाताळात कोन्सुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट येतं. हाच फराळ सजवलेल्या काचेच्या बरणीत घालून देण्याची हौस काही घरांत आहे. बरणीवर आबोली आणि नेच्याची दाबून सुकवलेली पानं-फुलं चिकटवायची आणि वरून वार्निशचा हात द्यायचा.

फुलं दाबून ठेवण्याची रीत आली ती मात्र शिकवण्यातल्या अडचणीतून. सोळाव्या शतकात लुका गिनी इटलीत आधी बोलोन्याला आणि १५४४ पासून पिसाला औषधी वनस्पती शिकवत. थंडीत बाग उजाड झाली की विद्यार्थ्यांना दाखवायचं काय? म्हणून ते झाडं कागदात दाबून सुकवत आणि कोऱ्या पानांवर डकवून ठेवत. त्यांचा संग्रह टिकला नाही, पण शिष्य उलिसे आल्द्रोवांदी यांचा बोलोन्यात आजही आहे.

त्याच सुमारास आपल्याकडे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता झाडांचा अभ्यास करत होते. पणजीच्या चर्चसमोरची बाग त्यांच्याच नावाची. ते १५३४ साली गोव्यात आले. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, पण त्यात झाडांची चित्रं नव्हती. फणस, आंबा, सगळं शब्दांतच उभं केलेलं. मला हे वर्णन फार मोलाचं वाटतं. सुक्या पानाला रंग आणि वास राखता येत नाही, तो तिथे शब्दांत राहिला.

काच सजवण्याचा धागा बराच नंतरचा. १८५० च्या दशकात फ्रान्स-इंग्लंडमधल्या घरांत 'पोतिशोमानी'ची लाट आली. काचेच्या भांड्याला आतून कागदी चित्रं चिकटवायची, मागून रंग द्यायचा; भांडं महागड्या चिनी मातीचं वाटे.

खऱ्या फुलासाठी मात्र गोंद वाळल्यावर पारदर्शक व्हायला हवा. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा शोध जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ साली लावला. त्यावर आधारलेला पांढरा डिंक पुढे घराघरांत पोचला. आपल्याकडचं फेव्हिकॉल १९५९ चं. पाण्याने हा डिंक मऊ पडतो. म्हणून वार्निश लागतं, आणि फुलं बाहेरूनच, ओठ लागतात त्या कडेपासून लांब लावायची.

गोव्याची फुलं मुळात ताजी वापरण्यासाठी. म्हार्दोळला म्हाळसेची जायांची पूजा होते, पण तीच जाई दाबली की तपकिरी पडते. जास्वंद जांभळट होते. अख्खी शेवंती जाड असल्याने आत ओली राहून बुरसते, तिच्या पाकळ्याच सुट्या करून दाबाव्यात. झेंडूचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, तो उन्हात लाल-जांभळ्या फुलांपेक्षा जास्त टिकतो. आबोलीची पाकळी पातळ, ती कागदात सपाट बसते. नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

आपल्याकडची खरी अडचण हवेची. पावसाळ्यात टीपकागद रोज बदलला तरी बुरशी येते. दसऱ्यानंतर हवा कोरडी व्हायला लागली की फूल नीट सुकतं, त्यालाही दोन-तीन आठवडे जातात. नाताळची बरणी करायची असेल, तर फुलं दिवाळी संपता संपताच दाबायला घ्यावीत.