गुदाशयातली दुर्मिळ गाठ आणि सोनोग्राफी : हे सुरू कसं झालं

सांगलीत सोनोग्राफी म्हणलं की लोकांना पोटातलं बाळ नाहीतर मुतखडा आठवतो, संडासच्या जागेतनं पण सोनोग्राफी होते हे मिरजेला मोठ्या डॉक्टरला दाखवल्यावरच कळतं आणि तोवर मूळव्याध समजून काढे चाललेले असतात, त्याचं फार वाईट वाटतं.

मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल १८९४ चं, पण त्या काळी जगात कुठंही गेलं तरी गुदाशयातल्या गाठीसाठी सर्जनचा मुख्य भरवसा आत बोट घालून तपासण्यावरच. बोटाला गाठ लागते, ती किती खोल गेलीय ते नक्की कळत नाही. १९०८ मध्ये इंग्लंडच्या माइल्स या सर्जननं गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढायचं ऑपरेशन मांडलं, जीव वाचायचा पण संडाससाठी पोटावर कायमची पिशवी.

१९५० च्या आसपास अमेरिकेत जॉन वाइल्ड या डॉक्टरनं नेव्हीच्या रडार ट्रेनिंगचं मशीन घेऊन ध्वनिलहरींनी आतड्याच्या भिंतीची जाडी मोजायला सुरुवात केली, पुढं रीड या इंजिनिअरबरोबर गुदाशयात घालायचा प्रोबही, म्हणजे सोनोग्राफीची नळी, केला. तरी रोजच्या कामात यायला ८० चं दशक उजाडलं. १९८३ ला डेन्मार्कचे ड्रॅगस्टेड आणि गॅमेलगार्ड, १९८५ ला जर्मनीचे हिल्डेब्रांट आणि फायफेल यांनी कॅन्सर भिंतीत किती शिरलाय ते या आतल्या सोनोग्राफीनं ठरवून दाखवलं.

प्रोबच्या टोकाला पाण्याचा फुगा असतो, तो फुगवला की स्क्रीनवर भिंत गोल दिसते, आतनं बाहेर पांढरा काळा पांढरा काळा पांढरा असे भिंतीच्या थरांचे पाच पट्टे. दुर्मिळ गाठींचं सगळं गणित इथंच आहे. कार्सिनॉइड, म्हणजे आताचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ), बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्यात असतो, एक सेंटिमीटरच्या आत असेल आणि चौथा पट्टा, म्हणजे स्नायूचा, शाबूत असेल तर सहसा दुर्बिणीतनंच काढता येतो. जिस्ट ही दुसरी दुर्मिळ गाठ मात्र त्या चौथ्यातनंच उगवतो, वरचं अस्तर चांगलंच असतं म्हणून साध्या बायोप्सीत बऱ्याचदा काहीच सापडत नाही, मग सोनोग्राफीत बघत बघत सुई गाठीत घालून तुकडा घ्यायचा. गाठ जिस्टच आहे हे कळणं आता जास्तच महत्त्वाचं, कारण २००० नंतर त्यावर इमॅटिनिब ही गोळी आली, बऱ्याच पेशंटमध्ये आधी त्यानं गाठ आकसवून मग ऑपरेशन करतात आणि कित्येकांची पिशवी टळते.

गाठ मोठी असेल तर एमआरआय लागतोच, पण छोट्या गाठीला भिंतीचे पट्टे सोनोग्राफीतच जास्त स्वच्छ दिसतात.