सांधेदाह आणि मास्ट पेशी : एका न मिटलेल्या वादाची पार्श्वभूमी

मास्ट पेशी (शरीराच्या ऊतींत राहणाऱ्या, कणांनी भरलेल्या रोगप्रतिकारक पेशी) सांधेदाहाला कारणीभूत असतात का, हा वाद अजून मिटलेला नाही. जर्मन वैद्यक पॉल एर्लिख यांनी 1878 साली लाइपझिगला सादर केलेल्या प्रबंधात मास्ट पेशींचं पहिलं नीट वर्णन आलं. निळा ॲनिलीन रंग द्यावा आणि पेशीतले कण मात्र जांभळे दिसावेत, ही त्यांची खूण. त्या कणांत काय साठवलेलं आहे हे कळायला बराच काळ गेला: 1937 मध्ये हेपारिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य), 1953 मध्ये हिस्टामिन (ॲलर्जीत सूज आणि खाज आणणारं द्रव्य). पुढे 1960च्या दशकात ॲलर्जीला कारण ठरणाऱ्या आयजीई या प्रतिपिंडाचा शोध लागला आणि मास्ट पेशी ही ॲलर्जीची पेशी म्हणून कायमची ठरून गेली. सांध्यांचे अभ्यासक तिच्याकडे फारसे वळले नाहीत.

खरं तर ती निरोगी सांध्यातही असते. सांध्याच्या अस्तराच्या पृष्ठभागापासून 70 मायक्रॉनच्या आत जेवढ्या पेशी असतात, त्यांतल्या साधारण 3 टक्के मास्ट पेशी असतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात (प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या सांधेदाहात) हे प्रमाण अस्तरातल्या एकूण पेशींच्या 5 टक्क्यांवर किंवा त्याहून वर जाऊ शकतं. 1984च्या सुमारास अशी मोजणी करणारे अनेक निबंध आले. त्यांतलं लक्षवेधी निरीक्षण संख्येपेक्षा जागेचं होतं: सुजलेलं अस्तर जिथे कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या मऊ आवरणाला) कुरतडतं, नेमक्या त्या सीमेवर या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. यंत्रणाही पटण्यासारखी होती. मास्ट पेशीतलं ट्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) एमएमपी-3 या ऊती तोडणाऱ्या दुसऱ्या विकराच्या निष्क्रिय रूपाला जागं करतं आणि एमएमपी-3 पुढे कोलाजेन (कूर्चेचं मुख्य प्रथिन) तोडणाऱ्या विकरांना.

या मोजणीत दोन खड्डे आहेत आणि जुने आकडे वाचताना ते ध्यानात ठेवावे लागतात. मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या टोल्युडिन ब्लू या निळ्या रंगाने कूर्चेचं आधारद्रव्यही जांभळं होतं, त्यामुळे सीमेलगतची पेशी ओळखणं अवघड जातं. दुसरा खड्डा जास्त वाईट. हा रंग पेशीला नव्हे, तिच्यातल्या कणांना धरतो. जिने आपले कण नुकतेच बाहेर टाकले, म्हणजे जी सर्वांत कामात आहे, तीच पेशी मोजणीतून निसटते. म्हणून पुढे ट्रिप्टेज आणि सीडी117 (मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरचं किट हे प्रथिन) यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी रंगवण्याची पद्धत रुळली. तरीही ‘पेशी वाढल्या’ याचा अर्थ ‘पेशींनी रोग केला’ असा होत नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांधा झिजण्याच्या विकाराच्या) अस्तरातही त्या वाढलेल्या सापडतात.

कार्यकारणभाव तपासायला उंदीर लागले. 1996 मध्ये के/बीएक्सएन ही उंदरांची जात पुढे आली, जिला आपोआप सांधेदाह होतो. तिच्या प्रतिपिंडांचं लक्ष्य ग्लुकोज-6-फॉस्फेट आयसोमरेज हे सर्व पेशींत आढळणारं विकर आहे, हे 1999 मध्ये कळलं. या उंदरांचं सीरम निरोगी उंदराच्या पोटात टोचलं (बहुधा 150 मायक्रोलिटर, पहिल्या दिवशी आणि दोन दिवसांनी पुन्हा), की एक-दोन दिवसांत घोटे सुजू लागतात. 2002 मध्ये बोस्टनच्या गटाने हेच सीरम मास्ट पेशी नसलेल्या उंदरांना दिलं. त्यांना सांधेदाह जवळपास झालाच नाही. अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या मास्ट पेशी त्यांच्यात रुजवल्या, तेव्हा तो परतला. प्रकरण मिटलं असं वाटण्याइतका स्वच्छ निकाल होता.

गोम उंदरात होती. त्या प्रयोगातल्या डब्ल्यू/डब्ल्यूव्ही जातीत मास्ट पेशी नसतात त्या किट जनुकातल्या दोषांमुळे, आणि किट फक्त मास्ट पेशींच्या कामाचं नाही. हे उंदीर रक्तक्षयी असतात, वांझ असतात आणि त्यांच्यात न्यूट्रोफिलही (दाहाच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी असतात. सीरमने होणारा हा सांधेदाह न्यूट्रोफिलांवाचून होत नाही, हे 2001 मध्येच दाखवलं गेलं होतं. मग बचाव मास्ट पेशी नसल्याने झाला की न्यूट्रोफिल अपुरे पडल्याने? 2007 मध्ये किटचाच वेगळा दोष असलेले डब्ल्यू-एसएच उंदीर वापरले गेले. त्यांच्यात न्यूट्रोफिल कमी नसतात. कोलाजेनविरोधी प्रतिपिंडांनी त्यांना सांधेदाह झाला. 2011 मध्ये किटला हात न लावता मास्ट पेशी नाहीशा केलेले उंदीर तयार झाले. के/बीएक्सएन सीरम दिल्यावर त्यांचेही सांधे सर्वसाधारण उंदरांसारखेच सुजले.

यावरून मास्ट पेशी निरुपयोगी ठरवणं मात्र घाईचं आहे. सीरम टोचण्याच्या प्रयोगात प्रतिपिंडं बाहेरून तयार मिळतात. ती शरीरात बनण्याचा अख्खा टप्पा गळतो. कोलाजेन टोचून केलेल्या सांधेदाहात हा टप्पा असतो, आणि तिथे लक्षणं दिसण्याआधीच मास्ट पेशी काढल्या तर रोग सौम्य होतो. माणसातला दुवाही याच दिशेने जातो: 2018च्या एका अभ्यासात, सुरुवातीच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात अस्तरातल्या मास्ट पेशींचा संबंध रोगाच्या तीव्रतेशी आणि बी पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) प्रतिपिंड-निर्मितीशी आढळला. प्रस्थापित रोगापेक्षा त्याच्या आरंभात त्यांचं वजन जास्त असावं, असं मानायला इथे जागा आहे.

इंटरल्यूकिन-17 या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाबाबतही असंच वळण आलं. 2010 मध्ये ऱ्हुमॅटॉइड अस्तरात त्याचा मोठा साठा मास्ट पेशींतच दिसला. पण 2016 मध्ये कळलं, की या पेशी ते बाहेरून उचलून साठवू आणि नंतर सोडूही शकतात. पेशीत प्रथिन दिसलं म्हणजे तिनेच ते बनवलं, असं म्हणता येत नाही.

औषधांच्या बाजूने पुरावा आणखी धूसर आहे. साध्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या उपचारात स्थान नाही. किट रोखणारी इमॅटिनिब आणि मासिटिनिब ही औषधं काही रुग्णांत वापरून पाहिली गेली. पण इमॅटिनिब मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी) आणि हाड झिजवणाऱ्या पेशींच्या वाढीचा ग्राहीही (संदेश स्वीकारणारं प्रथिनही) रोखतं, त्यामुळे सूज उतरली तरी श्रेय मास्ट पेशींच्या खात्यावर टाकता येत नाही.