नदीत गाळ येतो कुठून? बोर्नियोतल्या लाकूडतोडीच्या रस्त्यांची पार्श्वभूमी

बोर्नियोच्या उत्तर टोकाला मलेशियाचं साबाह राज्य आहे. तिथल्या नद्या गढूळ झाल्या की खापर झाडं तोडण्यावर फुटतं. त्यात तथ्य आहेच, पण मोठा वाटा रस्त्यांचा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी इथे ‘कुडा-कुडा’ पद्धत होती. आडव्या लाकडांची वाट करून त्यावरून माणसंच ओंडके नदीपर्यंत ओढत, त्यामुळे तोड काठापासून फार आत जात नसे. १९५२ मध्ये ब्रिटिश बोर्नियो टिंबर कंपनीची लाकूडतोडीवरची मक्तेदारी संपली. पुढे बुलडोझर आले, जपानची मागणी वाढली आणि रस्ते थेट डोंगरात चढले.

साबाहमधल्याच दानुम खोऱ्यात वर्षाला सुमारे २,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणापेक्षा थोडा कमीच, पण बारा महिने विभागलेला. जंगलात त्यातला बराचसा पालापाचोळ्यातून, मुळांच्या नि किड्यांच्या भोकांतून खाली मुरतो. बुलडोझर नेमका हाच वरचा थर खरवडतो आणि खालची चिकणमाती दाबून टाकतो. मग साधी सरसुद्धा रस्त्यावरून वाहू लागते. शिवाय डोंगर कापला की आतून हळूहळू झिरपणारं पाणी कटाईच्या भिंतीतून बाहेर पडतं, कडेच्या गटारात येतं आणि तासाभरात ओढ्याला मिळतं. उत्तर थायलंडमधल्या पांग खुम इथे रस्त्यांनी पाणलोटाचा अर्धा टक्काही व्यापलेला नव्हता. तरी त्यांच्यावरून येणारा गाळ तिथल्या शेतांतून येणाऱ्या गाळाइतकाच होता.

दानुमला १९८६ मध्ये संशोधन केंद्र सुरू झालं. संशोधक इयन डग्लस आणि सहकाऱ्यांनी बारू नावाच्या जेमतेम ४४ हेक्टरच्या पाणलोटाची तुलना शेजारच्या अस्पर्श पाणलोटाशी केली. तोड सुरू व्हायच्या आधीच, नुसता रस्ता काढल्यावर, बारूतला गाळ शेजारच्या सुमारे चौपट झाला. १९८९ मध्ये तोड आटोपल्यावर पुढच्या पाच महिन्यांत तो १८ पटींवर गेला. नंतर रान वाढलं, पाणी निवळत चाललं. इथेच मोजणी थांबवली असती, तर ‘जंगल सावरलं’ असा अहवाल निघाला असता.

पण जानेवारी १९९६ मध्ये जोरदार पाऊस झाला आणि जुन्या रस्त्याचा भराव खचला. या रस्त्यांवर ओढा ओलांडायला मोरी म्हणून पोकळ ओंडके घालायचे आणि वर माती लोटायची, अशी रीत. काही वर्षांत ओंडका कुजतो, तोंडाशी काटक्या अडकतात, मागे पाणी तुंबतं. मग एका रात्रीत सगळा भराव ओढ्यात. त्या पावसात दरडीही रस्त्यालगत कोसळल्या आणि गाळाची दुसरी लाट आली.

दरम्यान, १९९२ मध्ये साबाहच्या इनोप्राइस कंपनीनं न्यू इंग्लंड पॉवर या अमेरिकी वीज कंपनीच्या पैशानं कमी हानीच्या तोडीचा प्रयोग सुरू केला होता. ओंडके ओढायच्या वाटा आधी आखायच्या, तीव्र उतारावर यंत्र न्यायचं नाही, काम संपलं की पाणी बाजूला काढायला वाटेवर आडवे चर मारायचे. नियम चांगलेच, पण मला शंका वाटते ती शेवटच्या नियमाची. लाकूड ट्रकवर चढल्यावर बुलडोझर पुढच्या कामावर निघालेला असतो. मोऱ्या उपसायला, चर मारायला तो परत आणायचा, तर डिझेलचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा?