टीव्हीगेम (कॅसेटवाला)

टीव्हीगेम म्हणजे टीव्हीला जोडून, वरून कॅसेट खोचून खेळायचा व्हिडिओ गेम, जो १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत घरोघरी पोचला, घरोघरी म्हणजे खरं तर गल्लीत एखाद-दोन घरी, बाकीची पोरं त्याच घरी जाऊन बसायची. दुकानदार याला 'व्हिडिओ गेम' म्हणायचा, पोरं नुसतं 'गेम' म्हणायची आणि आई 'तो डबा' म्हणायची. आज रेट्रो गेमिंग नावाने जे काय चालतं त्यात जगभरातले लोक आपापल्या लहानपणाची मशीन आठवतात, कोणी अटारी, कोणी सेगा, पण आपल्याकडच्या तिशी-चाळिशीतल्या माणसाला रेट्रो म्हटलं की हाच डबा डोळ्यापुढे येतो. गंमत अशी की बहुतेकांनी मारियो खेळला तो निन्टेन्डो कंपनीचा आणि ज्या डब्यावर खेळला त्यावर निन्टेन्डोचं नाव कुठेच नव्हतं.

डबा आला कुठून

मूळ मशीन जपानचं. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम बाजारात आणला, तो मासायुकी उएमुरा या इंजिनिअरने बनवलेला. हाच पुढे १९८५ मध्ये रूप बदलून अमेरिकेत एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) म्हणून गेला. अमेरिकेतल्या मॉडेलमध्ये कंपनीने एक कुलूप-चिप टाकली होती, परवाना नसलेली कॅसेट घातली की गेम सुरूच होऊ नये म्हणून. जपानी फॅमिकॉमला असं काही कुलूपच नव्हतं, त्यामुळे तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याची नक्कल करून डबे आणि कॅसेटी धडाधड काढल्या, आणि जिथे निन्टेन्डो स्वतः कधी नीट पोचला नाही तिथे या नकला पोचल्या. रशियात तो 'डेंडी' झाला, पोलंडमध्ये 'पेगॅसस', आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' आणि बिननावाचे कितीतरी. काहींचं प्लास्टिक सेगासारखं, काहींचं प्लेस्टेशनसारखं, आत भाजी तीच.

या नकलांनी मुळात नसलेली एक भर घातली ती टर्बो बटणांची. ए आणि बी च्या वर आणखी दोन बटणं, दाबून धरली की आपोआप धडाधड गोळ्या. ज्याच्या रिमोटचा टर्बो चालू आहे तो रिमोट कोणाला मिळणार यावर दोन सख्खे भाऊ दिवसभर बोलायचे बंद. (हो, जॉयस्टिकला बऱ्याच घरी रिमोटच म्हणायचे.)

जोडायचा कसा हे वेगळंच शास्त्र होतं. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथे गेमची लावायची, मग चॅनलचं बटण आणि बारीक चाक फिरवत बसायचं, मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर येईपर्यंत. आवाज आला तर चित्र काळं-पांढरं, रंग आला तर खरखर. बाबांचं ठाम मत असायचं की गेममुळे पिक्चर ट्यूब उडते. हे अगदीच खोटं नव्हतं, एकच चित्र तासन् तास स्थिर ठेवलं तर जुन्या ट्यूबवर त्याचा डाग राहू शकतो, पण उडत वगैरे काही नाही. क्रिकेटची मॅच असेल त्या दिवशी मात्र ट्यूबची काळजी कोणालाच नसायची, त्या दिवशी सरळ डबा उचलून माळ्यावर.

कॅसेट

गाण्याच्या कॅसेटशी हिचा काही संबंध नाही, आत टेपच नसते, एक छोटी सर्किटची पाटी असते आणि तिच्यावर चिप. चालली नाही की काढायची, खालच्या पट्टीत जोरात फुंकर मारायची, परत घालायची. हे ज्ञान कोणी कोणाला शिकवलं कोणास ठाऊक, पण जपानपासून जालन्यापर्यंत सगळ्या पोरांना ते येत होतं. प्रत्यक्षात फुंकरीचा उपयोग नव्हता, कॅसेट काढून परत घातल्यामुळे पिना नव्याने टेकायच्या आणि गेम चालायचा, उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या गंजायच्या. निन्टेन्डोने स्वतः फुंकू नका म्हणून सांगितलं होतं, ऐकलं कोणी नाही.

कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. आत खरे गेम चार, आठ, फार तर पंचवीस-तीस, आणि पुढे तीच यादी फिरून फिरून, कुठे मारियो तिसऱ्या स्टेजपासून, कुठे कॉन्ट्रा वेगळ्या बंदुकीपासून, प्रत्येकाला नाव मात्र नवं. शेवटपर्यंत नेहमी एकतरी पोरगा असायचा जो म्हणायचा की पाच हजारच्या पुढे गेलं की वेगळे गेम आहेत, आणि मग एक अख्खी दुपार खालचं बटण दाबून धरण्यात जायची.

एवढुशा जागेत एवढं सगळं

इथे जरा थांबायला पाहिजे कारण हा गेम अजून मजा का देतो याचं उत्तर माझ्या मते भावनेपेक्षा आधी या मशीनच्या गरिबीत आहे. फॅमिकॉमची कामाची मेमरी २ किलोबाइट. या नोंदीचा पहिला परिच्छेदच घ्या, कॉम्प्युटरवर सेव्ह केला तर तेवढाच त्यात जेमतेम मावतो. प्रोसेसर सेकंदाला साधारण १८ लाख ठोके मारणारा. पडद्यावर एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं बसायची, नववं आलं की कोणीतरी गायब, म्हणूनच गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे, आपल्याला वाटायचं कॅसेट खराब आहे.

१९८५ चा सुपर मारियो ब्रदर्स पूर्ण ४० किलोबाइटचा आहे, ही अख्खी नोंद जितकी जागा खाईल त्याच्या साधारण दीडपट. एवढ्यात ३२ स्टेज, पाणी, किल्ले, कोजी कोंडोचं संगीत, सगळं. जागा वाचवायला काय काय केलंय ते बघा, आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग एकाला हिरवा. कितीतरी जण शंभर वेळा गेम संपवून बसलेत आणि हे कळल्यावर परत लावून बघतात.

आणि शिकवण्याची पद्धत. पहिल्या स्टेजला कुठे सूचना नाही, पाटी नाही, असत्या तरी आपण वाचल्या नसत्या. उजवीकडून एक मशरूमसारखा रागीट प्राणी चालत येतो, पहिल्यांदा तुम्ही मरता, दुसऱ्यांदा उडी मारता, डोक्याला वरची वीट लागते, त्यातून खाऊ निघतो, तो पलीकडे जाऊन पाइपला आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो, तो चुकवायचा म्हटला तरी सहज चुकत नाही. दहा सेकंदात सगळे नियम समजले. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या गेम बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम असं रचलंय. आजचा महागडा गेम घरी आणला की आधी अपडेट, मग अकाउंट, मग अर्धा तास ओळखपरेड, आणि इकडे बटण दाबलं की स्क्रीन समोर. रेट्रोकडे परत आलेली माणसं ही गोष्ट पहिली सांगतात.

सेव्ह करायची सोय बहुतेक गेममध्ये नव्हती. मारियोच्या आठव्या म्हणजे शेवटच्या जगापर्यंत पोचला असाल आणि लोडशेडिंग झालं तर संपलं, परत पहिल्यापासून. काही घरी डबा रात्रभर चालू ठेवून फक्त टीव्ही बंद करायचे, आणि सकाळी अ‍ॅडॉप्टर पापड भाजता येईल एवढा तापलेला.

कोणते गेम

मारियोत राणीला सोडवायचं. (ती मुळात राजकन्या आहे, पण मराठी पोरांनी तिला राणी केलं आणि ती राणीच राहिली.) कासवाला जिन्यावर अडकवून लाईफ वाढवायची युक्ती ३-१ मध्ये, म्हणजे तिसऱ्या जगाच्या पहिल्या स्टेजला होती, फक्त हावरटपणा केला आणि १२७ च्या वर गेलात तर गेमचा हिशेब उलटा होऊन पुढच्या मरणाला सरळ गेम ओव्हर.

कॉन्ट्रा कोनामी कंपनीचा, पैसे टाकून खेळायच्या गेम पार्लरमध्ये १९८७ चा आणि घरच्या मशीनवर १९८८ चा. दोघांनी मिळून खेळायचा, आणि मैत्री पारखायला याहून चांगला गेम नव्हता, कारण धबधब्याच्या स्टेजला वर चढणारा भराभर चढला की खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. पसरून गोळ्या सोडणारी 'एस' ची बंदूक ज्याने उचलली त्याच्यावर रुसवा. अमेरिकन कॅसेटवर वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए असं दाबलं की ३० लाईफ मिळायच्या. हा कोड आधी १९८६ च्या ग्रॅडियस या गेममध्ये आला, कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो गेम तपासताना स्वतःलाच झेपेना म्हणून त्यांनी तो घातला होता. हाशिमोतो २०२० मध्ये वारले तेव्हा जगभर लोकांनी हीच बटणं लिहून श्रद्धांजली वाहिली.

टँकवाला गेम म्हणजे नामकोचा बॅटल सिटी, १९८५ चा. विटांच्या आडचा गरुड वाचवायचा, स्टेजला २० रणगाडे, ३५ स्टेज. यात स्वतः स्टेज बांधायची सोय होती, आणि धाकट्या भावंडांना खेळायला मिळालं नाही तरी विटा रचायला मिळायच्या. बाकी बॉम्बरमॅन, सर्कस चार्ली, रोड फायटर, अ‍ॅडव्हेंचर आयलंड, मॅपी, एक्साइटबाइक ही पंगत प्रत्येक कॅसेटला ठरलेली. हिरव्या-राखाडी पडद्याचा हातातला ब्रिक गेम हा याचा गरीब चुलतभाऊ, एसटीत खेळायचा.

पार्लर आणि मुस्तफा

ज्याच्या घरी डबा नाही त्याला पार्लर. शाळेच्या जवळपास, शक्यतो मास्तरांना दिसणार नाही अशा गाळ्यात, आत अंधार, रुपया-दोन रुपयाला एक कॉइन. इथला राजा 'मुस्तफा'. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३, एका अमेरिकन कॉमिकवर काढलेला. खेळायला चौघे हिरो आहेत, जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस, पण टोपीवाला मुस्तफा सगळ्यात चपळ, त्याची उडी मारून लाथ भारी, आणि नाव ओळखीचं, त्यामुळे भारतभर गेमचंच नाव मुस्तफा पडलं. आजही मूळ नाव सांगितलं तर लोक डोकं खाजवतात. हा गेम घरच्या कुठल्याच मशीनवर कधी आला नाही, त्यामुळे आज जो कोणी मोबाइलवर किंवा पीसीवर खेळतो तो एम्युलेटरवरच (म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर), आणि तिथे कॉइन फुकट. फुकट कॉइनचा मुस्तफा अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि थोडा पाणचट लागतो, हे खेळलेल्या प्रत्येकाला विचारा. शेवटचा रुपया टाकलेला असताना मागे उभा असलेला मोठा पोरगा 'बाजूला हो, मी पास करून देतो' म्हणायचा, ती भीती एम्युलेटरमध्ये येत नाही.

घरातही तेच होतं. पाच जण, रिमोट दोन, मेलं की पुढच्याचा चान्स. खेळण्यापेक्षा बघण्यात वेळ जास्त जायचा, बघणारे मोठ्याने सल्ले द्यायचे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या घरी तर रांग. आज एकट्याने सोफ्यावर बसून तोच मारियो लावला की पहिली दहा मिनिटं भारी वाटतं आणि मग काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. भावाला व्हिडिओ कॉल लावून मग त्याला दाखवत खेळायचं, हा उपाय बऱ्यापैकी चालतो.

सध्या

डबा मेलेला नाही. निन्टेन्डोने २०१६ मध्ये ३० गेम भरून छोटा एनईएस काढला तो हातोहात खपला. एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅपलने एम्युलेटरला परवानगी दिल्यापासून आयफोनवरही जुने गेम चालतात. मारियो पाच मिनिटांच्या आत संपवायच्या जागतिक शर्यती होतात आणि तिथे आता भांडण सेकंदाच्या तुकड्यांवर आलंय. डिसेंबर २०२३ मध्ये एका १३ वर्षांच्या अमेरिकन मुलाने एनईएसचा टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम इतका पुढे नेला की गेम स्वतःच गोठला, माणसाकडून हे पहिल्यांदाच झालं. म्हणजे ज्याचा जन्म गेमच्या नंतर वीसेक वर्षांनी झाला त्याने, तेव्हा हे सगळं फक्त लहानपण आठवणाऱ्यांचं खूळ आहे असं म्हणता येत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर टाकली की '४०० इन १' वाले हातातले डबे सापडतात, आत बरीचशी तीच जुनी पंगत. टीव्हीला जोडायचेही मिळतात. त्यांच्यात एक अडचण आहे, नवे एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, त्यामुळे उडी मारल्यावर मारियो क्षणभर विचार करून उडतो आणि आपण खड्ड्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावला तर बराच फरक पडतो.

टीव्हीकडे रोखून खेळायच्या बंदुकीचं मात्र काहीच होत नाही. १९८४ च्या डक हंट या बदकं मारायच्या गेममध्ये ट्रिगर दाबला की पडदा एका झटक्यासाठी काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, आणि बंदुकीतला प्रकाशाचा डोळा तो चौकोन दिसला का ते बघायचा. आधी काळं दिसलंच पाहिजे अशी अट असल्यामुळे बल्बकडे बंदूक धरून फसवायची युक्तीसुद्धा चालायची नाही. हा सगळा हिशेब जुन्या ट्यूबच्या वेगाशी बांधलेला. नव्या टीव्हीवर चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. माळ्यावरून काढलेली बंदूक पोराच्या हातात द्या, त्याचा नेम कितीही चांगला असो, एकही बदक पडणार नाही आणि गवतातून तो कुत्रा वर येऊन हसणार, अगदी आपल्याला हसायचा तसाच.