छाप्यातला मोर आणि कागदाचा मोर

दिवाळीच्या तोंडावर बर्डीवर हातगाड्यांवर मिळणारे रांगोळीचे छापे नागपूरकरांना समजावून सांगायला नकोत. ठेवला, रांगोळी पसरली, अलगद उचलला, झालं. त्यामुळे भोकं पाडलेला कुठलाही कागद दिसला की तो छापाच वाटतो. मी चार दिवस खपून कापलेला मोर प्रदर्शनात मांडते आणि समोरून विचारतात, "ताई, यानं रांगोळी केवढी निघते?" निघत नाही हो. हा मोरच आहे, मोराचा साचा नाही.

हे कातरकाम, म्हणजे कागद कापून केलेलं चित्र. याला ओरिगामीही म्हणू नये. ओरिगामीत कागदाला घडी पडते, कात्री लागत नाही. गफलत होते ती छाप्याशीच.

छाप्यात चित्र म्हणजे भोक, कागद नुसता आडोसा. कातरकामात उरलेला कागद हेच चित्र. ऐकायला सोपं आहे, पण कात्री हातात आली की इथेच अडतं. मोराचा डोळाच घ्या. कातरकामात मोराचं अंग कागदाचं, म्हणून डोळ्याला एक भोक पुरतं. छाप्यात अंगच भोक! डोळा कागदाचा ठेवला तर त्याला धरणार कोण? तो गळून पडतो. म्हणून डोळ्यापासून काठापर्यंत कागदाची बारीक पट्टी राखावी लागते आणि तेवढी जागा रांगोळीत कोरी राहते. छाप्याची मान तुटक, पिसं सुटी दिसतात ती यामुळे. कातरकामात उलट, एकही रेघ सुटी राहून चालत नाही. तुरा डोक्याला, फांदी चौकटीला टेकलेलीच हवी. एक कोपरा चिमटीत धरून उचललं की अख्खं चित्र वर आलं पाहिजे.

जपानमध्ये किमोनोचं कापड रंगवायच्या कातागामी छाप्यांना हीच अडचण आली. तिथल्या कारागिरांनी कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे धागे घालून सुटे तुकडे तोलून धरले. धागा इतका बारीक की कापडावर त्याची खूण उरत नाही. चिनी कातरकामात (२००९ पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहे) दोन्ही रीती नांदतात: रेघ राखायची तर सगळ्या रेघा जोडलेल्या, रेघच कापून काढायची तर सगळ्या एकमेकींपासून तुटलेल्या.

जाणकारांनाही चकवते ती मथुरेची सांझी. कागद कात्रीनं कापलेला, पण मुळात तो छापा. ब्रजच्या मंदिरांत पितृपक्षात त्यातून रंगीत पूड चाळून चित्र साकारतात आणि एका चित्राला अनेक खाके (म्हणजे कापलेले छापे) लागतात. हल्ली ती काचेत मढवलेली दिसते, म्हणून तिला निव्वळ शोभेचं कातरकाम समजतात. माझी सर्वांत आवडती तीच. चांगला कारागीर आधाराच्या पट्ट्या चित्रातच मुरवतो: कुठे पानाचं देठ, कुठे गाईच्या गळ्यातला पट्टा. त्या शोधत बघा, अर्धा तास सहज जातो.

लेझरनं कापलेल्या कागदाची कड बहुतेकदा तपकिरी जळकी असते. तो जरूर विका, पण हातकाम म्हणून नको.

आणि कातरकाम घरी नेलंत तर कृपा करून लॅमिनेट करू नका. कागद आणि मागचा पुठ्ठा यांत अर्धा बोट अंतर ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा. दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलं की मोराच्या मागे त्याची सावली उभी राहते, डोळ्याच्या भोकासकट.