सभासद कोण? वास्तुविशारदांच्या वार्षिक सभेची पार्श्वभूमी

पुण्यातल्या वास्तुविशारदांच्या स्थानिक संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की जुना प्रश्न पुन्हा निघतो: मतदानाचा हक्क फक्त नोंदणीकृत वास्तुविशारदांना, की अंतर्गत सजावट करणाऱ्यांना आणि परवानाधारक अभियंत्यांनाही? इतिवृत्त, हिशेबपत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक हे विषय त्यापुढे मागे पडतात.

या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले आणि शहराबाहेर पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळी ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावायला कायद्याची आडकाठी नव्हती. ती १९७२ च्या केंद्रीय वास्तुविशारद कायद्याने (आर्किटेक्ट्स ॲक्ट) आली. पण त्याच कायद्याने पदवी नसलेल्या, पाच वर्षे व्यवसाय केलेल्या लोकांनाही नोंदणीची वाट ठेवली होती. आजही एखादा जुना नकाशा उलगडला की उजव्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर नोंदणी क्रमांकातल्या ‘सीए’ या अक्षरांपुढे ७५ हा आकडा दिसतो. तो नोंदणीच्या वर्षाचा, म्हणजे १९७५ चा. सभासदत्वाची दारे कडेकोट बंद करा म्हणणाऱ्यांनी हा शिक्का पाहताना ती वाटही आठवावी.

खरा गुंता याच कायद्याच्या कलम ३७ चा. हे कलम कामाला संरक्षण देते की नावाला, यावर अनेक वर्षे वाद चालला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोएडातल्या पदोन्नतीच्या प्रकरणात निकाल दिला: नोंदणी नसलेल्यांना इमारतीची रचना करण्यास हे कलम मनाई करत नाही, मात्र ‘आर्किटेक्ट’ हे नाव त्यांना लावता येत नाही. तिथल्या प्राधिकरणाला नोंदणी नसलेल्यांना द्यायच्या पदाचे नावच बदलायला सांगितले गेले. व्यवसायातल्या अनेकांना हा निकाल जिव्हारी लागला, आणि ते स्वाभाविक होते. पाच वर्षे शिकायचे, नोंदणी दरवेळी नूतनीकृत करायची, आणि हाती उरणार फक्त नाव.

त्यात मराठीत ते नावही एक नाही. वास्तुविशारद, वास्तुरचनाकार, वास्तुशास्त्रज्ञ, वास्तुतज्ज्ञ असे चार शब्द सर्रास चालतात. यातले शेवटचे दोन दारांच्या दिशा सांगणारे सल्लागारही वापरतात. घर बांधायला निघालेले कुटुंब ‘वास्तुवाल्यांना दाखवलंय’ म्हणते, तेव्हा नकाशा कोणी पाहिला हे विचारूनच कळते. संघटनेने आपल्या नियमावलीत एकच शब्द पक्का करावा, ही मागणी म्हणूनच क्षुल्लक नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तेव्हापासून बाजूची मोकळी जागा, चटईक्षेत्र, पार्किंग यांची गणिते नव्याने शिकावी लागली. महापालिकेत परवानाधारक अभियंतेही नकाशे दाखल करतात, आणि मंजुरीसाठी वास्तुविशारदाच्या शेजारीच खोळंबलेले असतात. त्यांना सभासद करून घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथून येतो: अडचणी एकच आहेत, तर आवाजही एकत्र असावा.

मुद्दा रास्त आहे, तरी मताचा हक्क वेगळा ठेवण्याला कारण आहे. नोंदणीकृत वास्तुविशारदाला १९८९ चे व्यावसायिक आचारनियम लागू होतात. गैरवर्तन सिद्ध झाले तर नोंदवहीतून त्याचे नाव काढले जाऊ शकते. अंतर्गत सजावट करणाऱ्याला तो धाक नाही. सहयोगी सभासद म्हणून या मंडळींना सभेत बसू द्यावे, बोलू द्यावे. पण आचारनियमांशी संबंधित ठरावावर हात वर करण्याचा अधिकार ते नियम पाळायला बांधलेल्यांकडेच असावा.